दिवाळखोराची करमणूक

अमेरिकेत माणसाचं दिवाळं निघालं की त्याला न्यायालयात घरखर्चाचा तक्ता भरून द्यावा लागतो. 'शेड्यूल जे' म्हणतात त्याला. घरभाडं, वीज, किराणा, कपडे... आणि त्यातच एक ओळ असते करमणूक, वर्तमानपत्रं, पुस्तकं यांची. इथे पिस्कॅटवेत आमच्या एका स्नेह्याची नोकरी गेली, पाठोपाठ घरात आजारपण आलं, कार्डांवरचं कर्ज आवाक्याबाहेर गेलं. तक्ता भरायला मी सोबत बसलो होतो. करमणुकीपुढे त्याने शून्य लिहिलं. लोकांचे पैसे थकवून सिनेमा कसला बघायचा, हे त्याचं म्हणणं. वकिलाने ते शून्य खोडायला लावलं.

कारण अगदी व्यवहारी आहे. 'चॅप्टर १३' मध्ये घरखर्च जाऊन उरेल ते तीन ते पाच वर्षं धनकोंना द्यायचं असतं, आणि हे हप्ते झेपतील अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. पाच वर्षं मुलांना आइस्क्रीमही न देणारं अंदाजपत्रक टिकत नाही. २००५ च्या कायद्याने बऱ्या कमाईच्या कर्जदारांना बरेचसे खर्च आयकर खात्याच्या कोष्टकांप्रमाणे धरायला लावले. तरी गरज दाखवली तर अन्नवस्त्रासाठी ५ टक्के जास्त मिळतात. शिवाय १९९८ पासून वार्षिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत दानधर्मही चालतो. म्हणजे धनको थांबले तरी चालतील, देवळाची पेटी नको थांबायला!

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकन लाड. पण कर्जदाराने हौस करावी का, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले. दंगे पसरले, चौकशीला आयोग बसला. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, असा तेव्हा सर्रास समज होता (अजूनही आहे म्हणा). आयोगाच्या अहवालाने तो मानला नाही. लग्नाला साधारण ५० ते ७५ रुपये लागतात, ऐपतीच्या मानाने ते जास्त दिसतात. पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांचा हिशेब धरला तर तेवढी हौस त्याला शोभते, असा त्याचा सूर होता. माणूस बुडतो तो दाणागोटा, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांच्यासाठी पुन्हा पुन्हा काढलेल्या लहान कर्जांनी. स्नेह्याच्या कार्डांची बिलं चाळली तेव्हा त्यातही मुख्यतः किराणा, पेट्रोल आणि औषधंच होती.

या दंग्यांतूनच १८७९ चा 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कलेक्टरने त्याची जमीन ताब्यात घ्यायची तर जास्तीत जास्त सात वर्षं, आणि तीही कुटुंबाच्या पोटापुरती त्याच्याकडे ठेवून. पोटापुरती म्हणजे किती, हे कलेक्टरने ठरवायचं. शेड्यूल जे चा हा आपला पूर्वज! पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे आजही कर्जदाराचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही, आणि धर्मरूढीने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही नाहीत. इकडे दागिन्यांना सूट आहे, पण ठरावीक डॉलरपर्यंतच. त्यामुळे वहिनींच्या मंगळसूत्राचीही किंमत काढून अर्जात लिहावी लागली.