संयुक्त महाराष्ट्र चळवळ : खानदेश

मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे यासाठी १९४६ ते १९६० या काळात झालेल्या चळवळीचा पूर्व व पश्चिम खानदेशातील भाग. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. १९०६ साली इंग्रजांनी एका खानदेशाचे हे दोन जिल्हे केले होते. चळवळीच्या इतिहासात मुंबई, पुणे, बेळगाव यांच्या मानाने खानदेशाच्या वाट्याला फार थोडी जागा येते. गोळीबार फ्लोरा फाउंटनला झाला, सत्याग्रह बेळगावात झाले, भाषणे शनिवारवाड्यावर झाली, तेव्हा तसे होणे स्वाभाविकच. पण इथल्या चळवळीला एक निराळी कड होती. मुंबई कोणाची हा वाद इतरत्र होता तसा इथेही होताच. त्याशिवाय तापीच्या पश्चिम अंगाला आपली गावेच उद्या कोणत्या राज्यात असतील याची खात्री नव्हती.

आधीची तालीम. मोर्चा, प्रभातफेरी, बाजारात उभे राहून पत्रके वाटणे, हातगाडीवर खादी विकता विकता दोन शब्द सांगणे, या गोष्टी खानदेशाला १९५६ साली नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूरला झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक सामान वापरून ‘टिळकनगर’ सजवले, आणि खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव, साने गुरुजी यांच्यामागे स्वयंसेवकांची फौज उभी राहिली होती. त्याच सुमारास पाचशेवर शेतकरी मनमाडहून फैजपूरपर्यंत चालत आले. वाटेतल्या गावांत थांबत, सभा घेत ते आले आणि नेहरूंसकट नेत्यांनी त्यांचे स्वागत केले. अधिवेशनातला ध्वज वर चढताना मध्येच अडकला, तेव्हा शिरपूरकडचे किसनसिंग राजपूत खांबावर चढून तो सोडवून आले. ही गोष्ट खानदेशात अजून सांगितली जाते, आणि ती रंगवायची फारशी गरजही पडत नाही.

या तालमीचा उपयोग वीस वर्षांनी काँग्रेसच्याच विरुद्ध झाला, हे या नोंदीतले सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे. ज्यांनी फैजपूरला सतरंज्या अंथरल्या, त्यांच्यातल्या अनेकांच्या पुढच्या पिढीने १९५७ मध्ये काँग्रेसच्या बैलजोडी या चिन्हाला मत दिले नाही.

भाषेचा गुंता. खानदेशी बोलीवरून वाद होणार हे १९०७ सालीच ठरल्यासारखे होते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर आली. या खानदेशीत, म्हणजे अहिराणीत, ‘मला, तुला’ हे ‘माले, तुले’ होते, आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’ किंवा ‘से’ येते. हा ‘शे’ कानाला गुजरातीतल्या ‘छे’च्या इतका जवळ, की सुरतेच्या व्यापाऱ्याला तो आपलाच वाटावा. शहादा-तळोद्याकडचे गुजर घरात गुजरी बोलतात, रावेर-यावलच्या लेवा पाटीदारांची लेवा बोली आणखी वेगळी. त्यात सुरत–अमळनेर ही तापी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि इथल्या कापसाला सुरतेची वाट सोपी झाली. पैसा पश्चिमेकडे वाहत होता, शाळा आणि कचेरी मराठीत चालत होती.

नंदुरबारची तर आणखीच पंचाईत. तिथला सर्वांत मोठा हुतात्मा शिरीषकुमार मेहता हा गुजराती बोलणाऱ्या घरातला शाळकरी पोरगा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हातात घेऊन तो मिरवणुकीत निघाला, पोलिसांच्या गोळीबारात पडला, आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण गेले. त्या मिरवणुकीतल्या घोषणा गुजरातीतही होत्या. अशा गावात ‘मराठी तेवढे आपले’ असे म्हणत फिरणे कोणालाच शोभले नसते. पश्चिम खानदेशात प्रचाराचा सूर मुंबईपेक्षा मवाळ ठेवावा लागला असणार, तो याच कारणाने. शेजारच्या दुकानदाराला शत्रू ठरवून आठवडे बाजार चालत नाही.

मराठीच्या बाजूनेही पुरावे कमी नव्हते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ होते, शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते होती. (हे देव वेगळे आणि काँग्रेसचे शंकरराव देव वेगळे, नोंदींमध्ये दोघांची गल्लत वारंवार होते.) मराठी साहित्य संमेलन १९३६ मध्ये जळगावला माधव जूलियन यांच्या, १९४४ मध्ये धुळ्याला मामा वरेरकरांच्या आणि १९५२ मध्ये अमळनेरला भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच १९५२ साली जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली. प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. चार वर्षांनी हेच अत्रे ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्र समितीची तोफ झाले. ज्या प्रदेशाच्या बोलीला मराठीच्या उंबऱ्याबाहेर काढण्याचे प्रयत्न चालू होते, त्याच प्रदेशात महाराष्ट्राला आपली कवयित्री सापडली. समितीच्या कोणत्याही निवेदनापेक्षा हा पुरावा वजनदार होता, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

घटनाक्रम. मे १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला. २८ जुलैला मुंबईत संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली, तिची धुरा शंकरराव देवांकडे आली. पुढे दार आयोग, जवाहरलाल–वल्लभभाई–पट्टाभी समिती, १९५३ चा नागपूर करार, १९५५ चा फाझल अली आयोगाचा अहवाल. या सर्वांचा तपशील मुख्य नोंदीत पाहावा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत मोर्चावर गोळीबार झाला, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शंकरराव देव तिच्यात नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ मिळून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य आले. खानदेशच्या दृष्टीने द्विभाषिक ही गंमतशीर व्यवस्था होती : सीमेचा प्रश्न मिटला नाही, पण काही काळ दिसेनासा झाला, कारण दोन्ही बाजू एकाच राज्यात आल्या.

डांगचा प्रश्न. साक्री, नवापूर आणि बागलाणला लागून असलेला डांग हा चळवळीचा दुखरा कोपरा. संस्थानी राजवट संपून तो मुंबई राज्यात आला. १९४९ मध्ये मुख्यमंत्री बा. गं. खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी तिथे दौरा केला, आणि डांगी बोली गुजरातीला जवळची असल्याचा त्यांचा निष्कर्ष बाहेर आला. मराठी बाजूने त्यावर मोठा गदारोळ उठला. काही दिवसांच्या दौऱ्यात दोन मंत्री भाषाशास्त्रज्ञ कसे झाले, असा प्रश्न विचारला गेला. दुसरीकडे आहव्याच्या आश्रमात छोटुभाई व घेलुभाई नायक हे बंधू गुजराती माध्यमातून शाळा आणि सेवाकार्य चालवत होते. त्यांचे काम दांडगे होते, हे विरोधकांनाही नाकारता येत नव्हते. डांग १९६० मध्ये गुजरातेत गेला. इथे शिकण्याजोगी गोष्ट अशी की मराठी बाजू नकाशे आणि व्याकरण घेऊन बसली, गुजराती बाजूने शाळा काढल्या.

बाजारातला प्रचार आणि १९५७. समितीपाशी साखर कारखाने नव्हते, सरकारी गाड्या नव्हत्या. तिचा प्रचार शाहिरांच्या गळ्यावर आणि कार्यकर्त्यांच्या पायांवर चालला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर यांनी डफ-तुणतुण्यावर राज्यभर लोक बांधले. खेड्यांत कोपरा सभा, मशाल मिरवणूक, हरताळ, मंत्री आले की काळी निशाणे, असा हा क्रम होता. खानदेशात यासाठी आठवडे बाजारासारखी जागा नाही. मिरची, बाजरी, दादर, बैल, गाडग्या-मडक्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये एखाद्या उलट्या खोक्यावर उभा राहून बोलणारा. ऐकणारा तिथे सभेसाठी आलेला नसतो. त्याला मीठ घ्यायचे असते, संध्याकाळच्या आत गाडी जोडून घरी पोचायचे असते. म्हणून वाक्य आखूड लागते आणि मागणी एका दमात सांगता यावी लागते. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ या तीन शब्दांचे यश यात आहे. नागपूर कराराची कलमे बाजारात कोणी ऐकली नसती.

निकाल मात्र चकित करणारा होता. फेब्रुवारी–मार्च १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पश्चिम खानदेशातून जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मण पाटील निवडून आले. देशभरात जनसंघाला तेव्हा चारच जागा मिळाल्या. त्यांतल्या दोन महाराष्ट्रातल्या, एक ही आणि दुसरी रत्नागिरीची. त्याच निवडणुकीत बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयी पहिल्यांदा लोकसभेत गेले. (१४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याला सरकारी खजिना लुटणाऱ्या तुकडीशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते डॉ. उत्तमराव पाटील हे दुसरे.) पूर्व खानदेशाने तर मुंबईचे पारशी वकील नौशेर भरुचा यांना पाठवले. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, रिपब्लिकन होऊ घातलेला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि एकात्म राज्याचा आग्रह धरणारा जनसंघ हे सगळे एका मांडवात बसले, ही समितीची ताकद होती आणि पुढे तीच तिच्या फुटीचे कारणही ठरली. पण भाषिक राज्याच्या मागणीवर मराठी मतदारांनी पारशी उमेदवार निवडावा, यातून चळवळ केवळ मराठी माणसाच्या अभिमानाची नव्हती हे दिसते. तरी हे एका मतदारसंघाचे उदाहरण आहे. त्यावर फार मोठी इमारत चढवू नये.

तुलना. आपण कोणत्या मोठ्या घरात राहायचे, या प्रश्नावर रस्त्यावर उतरण्याचे प्रकार इतरत्रही झाले. सर्वांत जवळचा गोव्याचा : १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळे राहण्याचे चिन्ह दोन पाने होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यानंतरची काही वर्षे संघात राहू इच्छिणारे लोक शनिवारी बाजारपेठेत घडीचे टेबल मांडत, त्यावर बारा ताऱ्यांचा निळा झेंडा अंथरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी हुज्जत घालत उभे राहत. आपल्या आठवडे बाजारातल्या खोक्याचे हे दूरचे भाऊबंद. खानदेशाला मात्र गोवा किंवा ब्रिटनसारखे विचारलेच गेले नाही. इथे एकच मतपेटी होती, १९५७ ची, आणि तिच्यात गावांच्या सीमेबद्दल मत टाकायची सोय नव्हती.

विभाजन. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गावांच्या याद्या आहेत. पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा तालुक्यांतील १५६ गावे गुजरातेत गेली. आजचे उच्छल आणि निझर हे गुजरातचे तालुके बव्हंशी या गावांचे. तापीवरील नियोजित उकाई धरणाच्या बुडिताचा हिशेब या वाटणीमागे होता. धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले आणि त्यांतल्या कित्येक गावांचा वाद पाण्याने सोडवला. त्यांत बहुसंख्य भिल, गावित, मावची. त्यांना मराठी की गुजराती हे विचारण्यापेक्षा बुडिताचा मोबदला किती, हे विचारणे जास्त उपयोगाचे झाले असते. राज्य स्थापन झाल्यावर दोन्ही खानदेशांची जिल्हानावे बदलून जळगाव आणि धुळे झाली. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. ‘खानदेश’ हे नाव सरकारी कागदावरून गेले. लोकांच्या तोंडी ते अजून आहे.

नवापूर स्थानक. सुरत–भुसावळ मार्गावरील या रेल्वे स्थानकातून १९६० ची सीमा आरपार जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्थानक अधीक्षकांची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या बरोबर मध्यावर रेघ मारून दोन्ही बाजूंना राज्यांची नावे रंगवली आहेत, आणि गाडीची वाट पाहणारे लोक त्यावर बसून फोटो काढतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने रेघेच्या कोणत्या बाजूला काय विकता येईल हेही ठरलेले आहे. गाड्यांच्या सूचना चार भाषांत दिल्या जातात : हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती. अहिराणी त्यांत नाही.