स्त्रीलिंगी वाक्य : व्हर्जिनिया वुल्फ यांचा एक अभिप्राय आणि मराठी कथन

‘नेशन अँड अथेनियम’च्या १९ मे १९२३ च्या अंकात डोरोथी रिचर्डसन यांच्या ‘रिव्हॉल्व्हिंग लाइट्स’ या कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध झाले. या लेखिकेने मनाचे व्यापार टिपणारे एक वाक्य घडविले असून त्याला स्त्रीलिंगी वाक्य म्हणावयास हरकत नाही, असे परीक्षणकर्त्रीचे मत होते. परीक्षण व्हर्जिनिया वुल्फ यांचे होते.  

लेखनात स्त्रीची खूण शोधण्याचा हा प्रयत्न इंग्रजी टीकेत जुनाच आहे. १८४७ साली ‘जेन एअर’ ही कादंबरी करर बेल या टोपणनावाने निघाली. पुढच्याच वर्षी ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये एलिझाबेथ रिग्बी यांनी तिच्यावर टीका केली. ती निनावी होती. कादंबरीतील स्त्रियांचे पोशाख आणि स्वयंपाकघरातील कामे यांच्या वर्णनांतील चुका दाखवून असे लेखन कोणा स्त्रीच्या हातून होणार नाही, असा तर्क त्यांनी लढविला आणि जर ती स्त्रीच असेल तर स्वजातीच्या सहवासास ती केव्हाच मुकली असली पाहिजे, असेही सुचविले. शार्लट ब्राँटे यांच्याविषयी इतका कठोर आणि इतका चुकलेला निवाडा क्वचितच झाला असेल. रिग्बी यांनी पुरावा वस्त्रपात्रांत शोधला, वुल्फ यांनी तो वाक्यरचनेत शोधला. वुल्फ यांचे पाऊल पुढचे खरे. पण पुरुषांनीही अशी वाक्ये लिहिली आहेत ही कबुली त्यांनी त्याच परीक्षणात देऊन ठेवली आहे.

मराठीत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. इंग्रजी क्रियापदास लिंग नाही. मराठीत ‘मी गेले’ म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे प्रत्यय सांगून जातो. (कोल्हापूरकडे स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात, तेथे हा पुरावा लंगडा पडतो.) मात्र प्रत्येक वाक्यात असे घडत नाही. ‘मी जाईन’ यात लिंग नाही. ‘मी पत्र लिहिले’ यात क्रियापद पत्राच्या लिंगाने चालते. आणि ‘मला वाटले’, ‘मला आठवले’, ‘मला सुचले’ या रचनांत तर बोलणारी व्यक्ती चतुर्थीत जाऊन बसते व क्रियापदाशी असलेला तिचा लिंगसंबंध तुटतो. ‘मी घाबरले’, ‘मी विसरले’ अशी रूपे आहेतच, तेव्हा येथे नियमाचा आग्रह धरता येत नाही. तथापि येणे, जाणे, उठणे, बसणे यांत मराठी बाई ओळखू येते आणि वाटणे, आठवणे, सुचणे यांत ती पुष्कळदा झाकून जाते, एवढे निश्चित. वुल्फ यांनी स्त्रीचे वाक्य शोधले ते नेमके या दुसऱ्या प्रांतात.

प्रत्ययावरून लेखिका ओळखू पाहणाऱ्या वाचकाची वाट हरिभाऊ आपट्यांनी आधीच बंद करून ठेवली होती. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेली आणि १८९३ साली पुस्तकरूप झालेली ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली आहे. एका पुरुषाने शेकडो पृष्ठे ‘मी गेले’, ‘मी आले’ या रूपांत लिहिली आणि वाचकांना ती खरी वाटली. पुढे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला, तेव्हा या नावामागे बाई आहे की पुरुष याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. कथांतील स्त्रीलिंगी क्रियापदांनी कोणाचेच समाधान झाले नाही, आणि ते स्वाभाविक होते. त्या नावामागे बाळूताई खरे, पुढील मालतीबाई बेडेकर, होत्या.

वुल्फ यांच्या परीक्षणात आणखी एक कसोटी आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष गेले आहे. त्यांच्या मते रिचर्डसन यांचे वाक्य स्त्रीचे ठरते ते एवढ्याच अर्थाने, की ते स्त्रीच्या मनाचे वर्णन करते आणि त्या मनात जे सापडेल त्याचा लेखिकेला ना अभिमान वाटतो, ना भय. ही कसोटी मराठीला लावली की दोन ग्रंथांतील अंतर दिसू लागते. यमूचे दुःख खरे आहे. पण हरिभाऊंना तिच्यासाठी वाचकाची करुणा मिळवावयाची आहे, आणि म्हणून त्या करुणेला बाध आणील असे यमूच्या मनात फारसे काही सापडत नाही. विभावरींच्या शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात ते सापडते: शरीराची ओढ, वय वाढत चालल्याची चीड, आपल्या पगारावर घर चालविणाऱ्या वडिलांविषयीचा राग. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार’ या कथेचे शीर्षकच पाहावे. त्यातील क्रियापद संसाराशी जुळते. विचारणारी ‘माझा’ या एका शब्दात आहे, आणि त्या शब्दाचे लिंगही तिचे नाही.