चवदार तळे, भाटघर आणि आपली कचऱ्याची बादली

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच दशकात घाटाच्या अलीकडे, वेळवंडी नदीवर भाटघरचे नवे धरण उभे राहत होते. पाणी भोरमध्ये अडले. नीरेचे कालवे मात्र बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. वेल्ह्यातील पानशेतचे पाणीही पुण्याला जाते. म्हणजे पाऊस किती पडतो एवढाच प्रश्न नाही, पाण्यावर हक्क कोणाचा, हाही आहे.

१९२३ च्या बोले ठरावाने पाणवठे खुले केले, पण कागदावर. हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. हक्काची लढाई आणि रोजचे वर्तन त्यांनी वेगळे काढले नाही. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आले.

मित्रांनो, 'पर्यावरण वाचवा' हा उपदेश डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला करू नका. ती आधीच थेंब मोजते. आपण आपल्यापासून सुरुवात करू. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करू, कारण एरवी त्यात हात घालावा लागतो तो बहुतेकदा आपल्याच समाजातील सफाई कामगाराला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतले प्लास्टिकचे ग्लास आपणच बंद करू. आणि वस्तीच्या नळाला पाणी किती वेळ येते, हे ग्रामसभेत विचारू.

जय भीम!