७. दिगंश

७. दिगंश : उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन. पूर्व ९०°, दक्षिण १८०°, पश्चिम २७०°. दिगंशांवरून नदीपलीकडचे अंतर कसे काढतात, याचे उदाहरण कसबा बावड्याचे घेऊ. हे कोल्हापूरच्या उत्तरेचे, पंचगंगेकाठचे जुने गाव, आता शहराचाच भाग. पावसाळ्यात नदी फुगली की पैलतीरी मोजणीची साखळी नेता येत नाही, म्हणून उदाहरणातले दोन्ही कोन ऐलतीरावरूनच घेतलेले आहेत. रीत अशी. दक्षिणेच्या खुंटीपासून बरोबर उत्तरेला ५०० मीटरवर दुसरी खुंटी. पहिलीवरून पलीकडच्या झाडाचा दिगंश २८०°, दुसरीवरून २५०°. म्हणजे त्रिकोणात खुंट्यांपाशी ८०° आणि ७०°, झाडापाशी उरले ३०°. त्रिकोणाच्या बाजू समोरच्या कोनांच्या ज्यांच्या प्रमाणात असतात. म्हणून पहिल्या खुंटीपासून झाड ५०० × ज्या ७०° ÷ ज्या ३०°, म्हणजे सुमारे ९४० मीटर. नदीत पाऊल न घालता एवढे अंतर हाती येते, ही या गणिताची खरी थोरवी. ‘ज्या’ म्हणजे शाळेतला साइन. शब्द आपल्याच ज्योतिषगणितातला. याच रीतीने विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. मोजणी उत्तरेकडे सरकत असतानाच, २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो वारला. त्याची कबर तेथेच आहे.