उदरस्नायूंचे व्यायाम

उदरस्नायूंचे व्यायाम : साधनांचा आश्रय न घेता केवळ स्वतःच्या देहभाराच्या विरोधावर उदरभित्तीच्या स्नायूंना बळकटी आणणारे व्यायाम. जघनास्थीपासून उरोस्थीच्या टोकापर्यंत व पाचव्या ते सातव्या बरगड्यांच्या कूर्चांपर्यंत उभा गेलेला सरळ स्नायू, त्याच्या दोन्ही अंगांचे तिरपे स्नायू आणि सर्वांच्या आतून कमरपट्ट्यासारखा वेढणारा आडवा स्नायू असा हा समुदाय असून, धड वाकविणे व वळविणे यांखेरीज खोकणे, कुंथणे आणि जोराने श्वास सोडणे ही कामेही त्याच्याकडे असतात.

उताणे निजून उठून बसण्याचा प्रकार, म्हणजे सिट-अप, सर्वांत रूढ खरा. परंतु पाय ताठ ठेवून व पावले दुसऱ्याकडून दाबून धरवून तो केला असता, खांदे जमिनीपासून उचलले जाईपर्यंतच उदरस्नायूंचा मुख्य अंमल चालतो, आणि पुढील बहुतेक कारभार कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडाकडे जाणारा कटिस्नायू आपल्या हाती घेतो. म्हणून गुडघे दुमडून, श्वास सोडीत, डोके व खांदे तेवढेच सावकाश उचलणे अधिक फलदायी. उठण्याच्या संख्येवर मिरविणाऱ्यांना मात्र हे सहसा रुचत नाही. उताण्या स्थितीत जोडलेले पाय उचलून खाली आणण्याच्या व्यायामातही हीच अडचण येते. तेथे कमरेखाली तळहात सरकवून पाहावा : पाय उतरताना हातावरचा दाब नाहीसा झाला, तर पोटाने ताबा सोडला व कंबर कमानीसारखी उचलली गेली असे समजून पाय तेथूनच परत वर न्यावेत. कोपरे व चवडे यांवर देह फळीसारखा ताठ तोलण्याच्या प्लँकमध्ये हालचाल मुळीच नसते, तरी श्रम थोडे नाहीत.

योगातील नौकासन याच वर्गातले. श्वास सोडून पोट आत ओढण्याची उड्डियान व सरळ स्नायू पुढे काढून फिरविण्याची नौली या क्रियांची जात मात्र निराळी. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद यांनी या क्रियांची क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने परीक्षा केली. नौलीत मोठ्या आतड्यात उत्पन्न होणाऱ्या ऋण दाबास त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले.

या व्यायामांनी स्नायू दृढ होतात. त्यांवरील चरबी नेमकी तेथूनच झडते, हा सार्वत्रिक समज निराधार होय. अंतर्गळ, उदरावरील अलीकडील शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास वैद्याच्या अनुमतीवाचून ते करू नयेत.