पत्ता हरवलेला प्रिंटर : बिनतारी छपाईचा एक इतिहास

तार तुटली की दोष कुठे आहे हे डोळ्यांना दिसते. बिनतारी यंत्रांनी ही सोय आपल्याकडून काढून घेतली. कपिलधारच्या आसपास, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या एखाद्या लहानशा महाविद्यालयाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. प्रिंटर काल संध्याकाळपर्यंत बिनबोभाट चालत होता. आज सकाळी संगणक म्हणतो, प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे. प्रिंटरचा दिवा तर लागलेला आहे, कागद आहे, टोनर आहे. लिपिक दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करतो. कधी जमते, कधी जमत नाही. ‘रेंज नाही’ हे सर्वमान्य निदान होते. राउटर जवळच्याच भिंतीवर असला तरी ते बदलत नाही. आणि प्राचार्यांच्या लेखी दोष अखेर लिपिकाचाच ठरतो.

एरवी ही कुरबुर हसण्यावारी नेता आली असती. पण गेल्या काही वर्षांत अनेक विद्यापीठांनी प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची पद्धत स्वीकारली आहे. पेपर सुरू होण्याआधी थोडा वेळ संकेतशब्द येतो, प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायची, छापायची, प्रती काढायच्या आणि वर्गात पोहोचवायच्या. त्या मोजक्या मिनिटांत प्रिंटर ‘ऑफलाइन’ झाला तर खोळंबा होतो तो बाकावर बसलेल्या मुलांचा. या दोषाकडे गंभीरपणे पाहण्याचे कारण एवढे पुरेसे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला याविषयी काही म्हणता येईल का? मला वाटते, येईल. आणि तेही आपल्याच विद्येच्या आधाराने. कपिलधार हे ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेला येथे महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून दिंड्या येतात. जुन्या मराठी ग्रंथांप्रमाणे अशा ग्रंथांचीही वाट हस्तलिखितांतून छापखान्याकडे गेलेली असते, आणि जिथे प्रती आहेत तिथे पाठभेद आहेत. पाठचिकित्सक चुकलेला शब्द दिसताच लगेच दुरुस्त करत नाही. तो प्रती शेजारी शेजारी ठेवतो, त्या कुठे जुळतात आणि कुठे फुटतात ते पाहतो, आणि चूक परंपरेच्या कोणत्या टप्प्यावर शिरली असेल याचा माग काढतो. प्रिंटरच्या दुखण्याला हीच रीत लागू पडते. त्यासाठी आधी त्याची परंपरा पाहायला हवी. ती चमत्कारिक आहे, कारण ती हवेतून सुरू होते, तारेत शिरते आणि पुन्हा हवेत येते.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडणारे जाळे सुरू केले. त्याचे नाव ‘अलोहानेट’. समुद्रातून तार टाकण्यापेक्षा हवा स्वस्त होती. वेग सेकंदाला ९६०० बिट. अडचण एकच होती; सगळ्यांची वाहिनी एक. दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. अब्रॅमसन यांचा तोडगा साधा होता : वाटेल तेव्हा बोला; पोच आली नाही तर काही काळ थांबा आणि पुन्हा बोला; मात्र किती थांबायचे ते प्रत्येकाने नशिबावर सोडा, म्हणजे तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळणार नाहीत. यात्रेच्या गर्दीत चुकलेल्या माणसांना हाका मारणारे लोक नकळत असेच करतात. या पद्धतीची किंमतही ठाऊक होती. गणिताने वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग कामी येतो. बाकीचा वेळ टकरींत आणि शांततेत जातो.

त्याच वर्षी गॅरी स्टार्कवेदर हा अभियंता झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात दाखल झाला. कंपनीच्या आधीच्या प्रयोगशाळेत त्याची कल्पना कोणी मनावर घेत नव्हते. लेझर किरणाने अक्षरे ‘लिहून’ झेरॉक्सच्या यंत्राकडून ती कागदावर उतरवायची, ही ती कल्पना. त्याने बनवलेला प्रिंटर इंचाला ५०० ठिपके या बारकाईने सेकंदाला एक पान छापू शके. अमेरिकी मापाच्या एका पानावर असे सुमारे २ कोटी ३४ लाख ठिपके होतात. ते एकेक करून अलोहानेटच्या वेगाने पाठवायचे म्हटले तर एका पानाला सुमारे ४० मिनिटे लागली असती. प्रिंटर पुढे निघून गेला होता आणि त्याच्यापर्यंत मजकूर पोहोचवणारी वाट मागे राहिली होती.

ती वाट रॉबर्ट मेटकाफ याने आखली. त्याने अब्रॅमसन यांच्या कामाचा अभ्यास केलेला होता. २२ मे १९७३ रोजीच्या टिपणात त्याने ‘इथरनेट’ हे नाव वापरले, आणि डेव्हिड बॉग्ज याच्या साथीने ते जाळे प्रत्यक्षात आणले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ मानत, त्या सर्वव्यापी ‘ईथर’वरून हे नाव घेतले होते, शास्त्राने मोडीत काढलेली कल्पना एका जाड केबलच्या वाट्याला आली. हवेतली युक्ती त्याने तारेत आणली आणि तिच्यात दोन सुधारणा केल्या : बोलण्याआधी कान देऊन ऐकावे, आणि बोलता बोलता टक्कर झाल्याचे कळले तर तत्काळ थांबावे. वेग झाला सेकंदाला सुमारे २९ लाख बिट. कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडण्याच्या या व्यवस्थेमागे लेझर प्रिंटरची भूक हे एक ठळक कारण होते, हे सहसा विसरले जाते.

हीच व्यवस्था पुढे उलटी फिरली. १९९७ साली बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे प्रमाण ठरले आणि १९९९ मध्ये त्याला ‘वायफाय’ हे बाजारी नाव मिळाले. पण हवेत परत येताना तारेतली एक सोय गमवावी लागली. स्वतः बोलत असताना रेडिओला दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर झाल्याचे तत्क्षणी कळत नाही. पोच आली नाही यावरूनच ताडावे लागते. म्हणजे १९७१ च्या हवाई बेटांवरची अनिश्चितता थोडी सुसंस्कृत होऊन आपल्या कार्यालयात आली आहे. आपल्याकडे तिचे आगमन उशिरा झाले त्याला कायदाही कारण होता. १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार परवान्याविना असे यंत्र बाळगता येत नसे; रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टातून परवाना घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. मुक्त झाल्यावर त्यात सगळेच शिरले : शेजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी. या पट्ट्यात वाहिन्या तेरा असल्या तरी एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच : १, ६ आणि ११. स्वस्तातले बरेच प्रिंटर याच पट्ट्यात बोलतात, म्हणून गर्दीचा त्रास त्यांना आधी होतो.

तथापि, गर्दीने छपाई मंदावते, अडखळते. रोज सकाळी प्रिंटर ‘नाहीसा’ होण्याचे कारण बहुधा वेगळे असते, आणि ते १९९३ सालच्या एका सोयीत दडलेले आहे. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. पूर्वी तो हाताने भरावा लागे. यंत्रे वाढली तेव्हा ‘डीएचसीपी’ नावाची पद्धत आली : पत्त्यांचा साठा राउटरकडे असतो आणि मागेल त्याला तो ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. या देण्याला इंग्रजीत भाडेपट्ट्याचाच शब्द आहे, आणि तो अचूक आहे. पाहुण्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्या यंत्रांसाठी ही पद्धत उत्तम. प्रिंटर मात्र दुकानासारखा आहे; गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. दुकान रोज नव्या गाळ्यात भरले तर गिऱ्हाईक बंद शटरवर हात आपटून परत येईल आणि दुकान बंद आहे असे सांगेल. संगणकाचे ‘ऑफलाइन’ म्हणजे पुष्कळदा एवढेच.

यात आपल्याकडच्या विजेची भर पडते. वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि अनेक साध्या राउटरांना परत आल्यावर जुनी वाटणी आठवत नाही. जो आधी मागेल त्याला आधीचा पत्ता. काल प्रिंटरकडे असलेला अंक आज कुणाच्या तरी मोबाइलकडे असतो. रात्री वीज गेली होती की नाही, हा प्रश्न ‘रेंज’च्या आधी विचारायला हवा; तो विचारलेला मी क्वचितच ऐकला आहे.

आता प्रती ताडून पाहू. पहिली प्रत खुद्द प्रिंटरकडे आहे : त्याच्यावरील कळ दाबून किंवा सूचीतून जाऊन तो स्वतःच्या माहितीचे पान छापतो, त्यावर आजचा पत्ता असतो. दुसरी राउटरकडे, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत. तिसरी संगणकात, प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘पोर्ट’ या सदरात. पहिल्या दोन जुळल्या आणि तिसरी फुटली, तर दोष संगणकाच्या आठवणीत आहे. पहिलीवर पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून काहीच मिळालेले नाही. तिथे संकेतशब्द किंवा खरोखरच लहरींची अडचण शोधावी. तिन्ही जुळूनही संगणक ‘ऑफलाइन’च म्हणत असेल, तर पाठ शुद्ध असून टीकाकार चुकतो आहे. विंडोजमध्ये प्रिंटरची खुशाली विचारणारी ‘एसएनएमपी’ नावाची तपासणी असते. प्रिंटरने तिला उत्तर दिले नाही की विंडोज त्याला गैरहजर ठरवते. पोर्टच्या मांडणीतली ती खूण काढली की मृत घोषित झालेला प्रिंटर कित्येकदा उठून बसतो.

पत्ताच बदलत असेल तर उपाय राउटरमध्ये आहे : प्रिंटरच्या कायम ओळख-क्रमांकाशी एक पत्ता राखून ठेवायचा, आणि संगणकात त्या पत्त्यावर ‘टीसीपी/आयपी’ पोर्ट नव्याने बांधायचा. विंडोज आपणहून प्रिंटर शोधते तेव्हा पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ जातीचे पोर्ट करते. प्रिंटर झोपून उठला की ते त्याला ओळखेलच याची खात्री नसते. हे सारे अर्ध्या तासाचे काम आहे. पण राउटरचा संकेतशब्द कुणाकडे आहे, हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नसते. बसवणारा माणूस तो घेऊन गेलेला असतो.

या टप्प्यावर एक जुनी हकिकत आठवते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. आधीच्या यंत्रात कागद अडकला की थांबलेल्यांना आपोआप निरोप जाईल, अशी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमन याने आज्ञावलीत केलेली होती. नव्याची मूळ आज्ञावली मिळेना. ज्याच्याकडे ती होती त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. स्टॉलमनच्या सांगण्याप्रमाणे हा नकार त्याच्या मनात राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त आज्ञावलीची चळवळ उभी राहिली. आपल्या लिपिकाला आज्ञावली नको आहे. त्याला राउटरचा संकेतशब्द हवा आहे आणि राखलेला पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी प्रिंटरच्या अंगावर हवी आहे. प्रमाण वेगळे, मागणी त्याच जातीची. ती पुरी न करता त्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

परीक्षेच्या दिवसांपुरते मात्र मी कोणत्याच हवेवर विसंबणार नाही. ज्या संगणकावर प्रश्नपत्रिका उतरते तो आणि प्रिंटर यांच्यात साधी यूएसबी केबल असावी. तिची कमाल लांबी पाच मीटर धरली जाते. बहुतेक कार्यालयांत दोन टेबलांमधले अंतर त्याहून कमीच भरते. केबल लावल्यावर त्याच संगणकात प्रिंटरचे दुसरे नाव उमटते. छापताना ते निवडायचे, आणि आदल्या दिवशी एक पान काढून पाहायचे.