उंदीर पडले तेव्हा

आमच्या घरात प्लेगच्या गोष्टी दोन. एक पणजीची, आजीच्या तोंडून ऐकलेली. दुसरी फुईची, म्हणजे माझ्या आत्याची, तिने स्वतः सांगितलेली. पणजीच्या गोष्टीत अख्खं गाव पळतं आणि वाचतं. फुईच्या गोष्टीत अख्खं शहर पळतं आणि फुई ड्युटीवर जाते.

पणजीची गोष्ट खान्देशातली, विसावं शतक नुकतं लागलं तेव्हाची. घरात उंदीर पडला की दिवस मावळायच्या आत चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि शेताचा रस्ता धरायचा. शेतात पऱ्हाट्यांच्या झोपड्या उभ्या राहायच्या. बाळंतपणं तिथेच, तेरावंही तिथेच. आजी हे इतकं रंगवून सांगायची की आम्हा पोरांना प्लेग म्हणजे एखादी लांबलेली वनभोजनाची सहल वाटायची. ज्याला शेत नाही त्याने कुठे जायचं, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही. ओस पडलेल्या गावातले मेलेले उंदीर कोण उचलायचं, हेही नाही. मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं, तर आजी सहज म्हणाली, "ते त्यासनं कामच व्हतं."

या 'त्यांचा' एक धागा मला पुढे मुंबईच्या इतिहासात सापडला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात पालिका आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले, गिरणीतल्या कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला आणि हुकूम सैल करावा लागला. पुण्याचा रँड आणि चापेकर बंधू आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. मुंबईतली ही माघार कुणाला पाठ नाही. तिच्यामागे दंग्याची भीती होतीच, पण हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर काय, ही धास्तीही तेवढीच होती. मैला उचलणारे निघून गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती, हे पालिकेला नीट कळत होतं. व्यापारी गेले, वकील गेले, त्यांच्यावाचून शहर चाललं. सरकारने हात जोडायचे ते शेवटी झाडूवाल्यांपुढे. 

आता फुईची गोष्ट. ती समजायला आमची सुरत आधी सांगावी लागेल. नकाशावर ती गुजरातेत असली तरी उधना, लिंबायत, नवागाम-डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात कानावर अहिराणी पडते. श्रावणात कानबाई निघते, रोट होतात. पालिकेच्या मराठी शाळा आहेत. पाऊस दगा देऊ लागला तशी धुळे-जळगाव-नंदुरबारकडची माणसं भुसावळच्या गाडीत बसून सुरतेला उतरली आणि लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभी राहिली. फुवा, म्हणजे फुईचे यजमान, त्यातलेच. दोन पोरं झाल्यावर एकट्याच्या पगारात भागेना, म्हणून फुई एका सरकारी दवाखान्यात आयाबेन म्हणून लागली. लागली म्हणजे रोजंदारीवर. हजेरी लागली तर पैसे, खाडा पडला तर नाही.

१९९४ चं वर्षच वाकडं होतं. आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झालेला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये पिसवा आणि उंदरांचा बोभाटा झाला, मग गाठीचा ताप आला. सुरतेत पावसाळ्याभर पाणी तुंबलेलं. लूम आणि हिऱ्यांच्या जोरावर शहर फुगत होतं, पण कित्येक वस्त्यांत गटार नव्हतं आणि कचरा दिवसेंदिवस जागचा हलत नसे. गणपती विसर्जन झालं आणि दोन-चार दिवसांत वेडरोड-कतारगाम बाजूची तरणीताठी माणसं तापाने, रक्ताच्या खोकल्याने दवाखान्यात येऊन मरू लागली. आधी आवई उठली की पाण्यात विष कालवलंय. मग 'प्लेग' हा शब्द फुटला आणि शहराला पाय फुटले.

किती लोक गेले याचे अंदाज तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. लूम बंद, हिऱ्याची खाती बंद. मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन रातोरात गायब. आमच्या गल्लीत तर जो तो वळकट्या बांधून उधना स्टेशनकडे. इथवर सगळं पणजीच्या गोष्टीसारखंच होतं, फक्त शेताऐवजी गाव आणि बैलगाडीऐवजी रेल्वे. गंमत म्हणजे या वेळी गावं आपल्याच माणसांना आत घेईनात. सुरतेहून आलेल्याला वेशीबाहेर थांबवायचे, दुरून भाकरी द्यायचे. फुवा पोरांना घेऊन असेच गेले आणि आठवडाभर मळ्यात झोपले.

फुई गेली नाही.

गाठोडं घेऊन निघालेल्या शेजारणीने तिला उलट्या दिशेने जाताना पाहिलं. "कथा चालनी वं माय?" फुई म्हणाली, "ड्युटीवर."

घरात हा संवाद इतक्या वेळा सांगितला गेला की फुईची छोटी झाशीची राणी झाली. लग्नकार्यात तिच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगायचे, ही प्लेगमध्ये पळाली नाही. मीही एक लेख लिहायचा म्हणून तिच्यापुढे बसलो आणि धाडसाबद्दल विचारलं. तिने पान लावायचं थांबवलं. "धाडस कसलं रे? रोजंदारी होती. चार दिवस गावाला गेले असते तर पाचव्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई उभी असती. कायम असते तर मीच पहिली पळाले असते."

रँडच्या काळातल्या पुण्याच्या त्या प्लेगात, १० मार्च १८९७ ला, रोग्यांना उचलून दवाखान्यात आणता आणता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी ते जाणून पत्करलं होतं. फुईसमोर पत्करण्याचा प्रश्नच नव्हता. साथ ओसरली की आपण या दोन्ही गोष्टींना सेवा म्हणतो आणि एकाच हारात ओवतो. असं केलं की फुईच्या हजेरीपटाबद्दल कुणाला विचारावं लागत नाही.

पुढचं तिने विचारल्याशिवाय सांगितलं. औषधाच्या कॅप्सुला आल्या त्या वरून खाली वाटत आल्या. आधी मोठे डॉक्टर, मग शिकाऊ डॉक्टर, नर्सबाई, ऑफिसातले कारकून आणि शेवटी आया, वॉर्डबॉय, झाडूवाले. कारकून कधी वॉर्डात आले नाहीत, पण यादीत ते वर होते. थुंकीची भांडी आयाबाया धुवायच्या. तोंडाला बांधायला गॉजचे तुकडे एकमेकींवर ठेवून शिवले, ते संपल्यावर पदर. कॅप्सूल अनशापोटी घेतली की मळमळायचं आणि कँटीन तर बंद. रोगीही पळून जायला बघायचे. सुरतेच्या सिव्हिल हॉस्पिटलभोवती तर त्यांना अडवायला जलद कृती दलाचे जवान उभे केले होते. "बाहेर बंदुकवाले, आत आम्ही," ती म्हणाली. "ते तोंड बांधून होते."

खासगी डॉक्टरांचं पळणं सुरत अजून विसरलेली नाही. बहुसंख्य दवाखान्यांना कुलपं लागली होती. सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजमध्ये काम केलेले घनश्याम शाह यांनी या साथीवर पुस्तक लिहिलं, त्यात शहराच्या आरोग्यव्यवस्थेची ही लक्तरं निघाली आहेत. मला त्या डॉक्टरांना शिव्या घालण्यात रस नाही. भीती सगळ्यांना सारखीच वाटते, मात्र परत आल्यावर पाटी पुन्हा लावायची सोय सगळ्यांना सारखी नसते. फुई स्वतः शिकाऊ डॉक्टरांबद्दल मायेने बोलते. "पोरंच होती. रात्री गच्चीवर जाऊन रडायची, पण पळाली नाहीत."

नीट पाहिलं तर प्लेग दोन आठवड्यांत आटोपला. सुरतेतले बळी साठाच्या आत राहिले. साधी, स्वस्त प्रतिजैविकं पुरली. हा प्लेगच होता का यावर पुढे बराच वाद झाला आणि डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने तो प्लेगच असल्याचं सांगितलं. तोवर देशाची विमानं आणि निर्यात अडकून व्हायचं ते नुकसान झालं होतं.

मग मे १९९५ मध्ये पालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. सुरतेत त्यांच्या गोष्टी आजही लोककथेसारख्या सांगतात, आणि त्या बहुतेक खऱ्या आहेत. शहराचे सहा झोन, प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार. सकाळी सगळे अधिकारी रस्त्यावर, दुपारी बैठक, त्यात कालचं काम झालं की नाही याचा झाडा. 'एसी टू डीसी' अशी त्यांची घोषणाच होती, गार खोलीतून निघा आणि रोजच्या कामाला लागा. मिठाईवाल्यांना, हॉटेलांना दंड झाले, वजनदार लोकांची बेकायदा बांधकामं पडली, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. लिंबायतच्या चहाच्या टपरीवर तेव्हा एक विनोद चालायचा. महाराजांनी सुरत लुटली, आम्ही ती झाडून दिली.

रावांचं मोठेपण मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. आपल्याकडे साफसफाईची मोहीम म्हटली की झाडूवाल्याची हजेरी कडक होते. रावांनी हजेरी वरून घ्यायला सुरुवात केली. गटार तुंबलं तर आधी अभियंत्याला विचारायचे, मुकादमाला नंतर. फुईच्या शब्दांत, "साहेबाच्या बुटाला चिखल लागला, तेव्हा नाल्यावर झाकणं आली."

पण त्याच वर्षांत दुसरी एक गोष्टही मुरली. रात्रीच्या झाडलोटीची कामं कंत्राटावर गेली, पुढे दवाखान्यांतून आया, सफाई, चौकीदारी, सगळंच एजन्सीकडे. देशभर हेच झालं. शहर स्वच्छ राहिलं, खर्च आटोक्यात आला. कायम होण्याची आशा मात्र गेली. फुईला प्लेगनंतर बऱ्याच वर्षांनी कायम केलं, म्हणून आज तिला पेन्शन आहे. तिची सून आता एका दवाखान्यात तेच काम करते. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर दवाखान्याचं नाव नाही, एजन्सीचं आहे.

२०२० मध्ये ती सून फुईसारखीच उलट्या दिशेने कामावर गेली. लूमवाले मजूर गावी जायला मिळावं म्हणून रस्त्यावर उतरले होते आणि ही पांडेसऱ्याहून पायी ड्युटीवर. त्या वर्षी १८९७ चा साथरोग कायदा सुधारला गेला. आरोग्यसेवकावर हल्ला करून गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. सफाई कामगार नावाने नाही, त्याला सरकारच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागते. केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यात मात्र वॉर्डबॉय, सफाई कामगार, कंत्राटी माणसं सगळी धरली होती, हे कबूल केलं पाहिजे. फक्त दाव्यासोबत संस्थेचा दाखला हवा, की हा माणूस आमच्याकडे कामाला होता आणि त्याला कोविडच्या ड्युटीवर लावलं होतं.

मी सुनेला विचारलं, तुझा दाखला कुणी दिला असता? दवाखाना म्हणतो एजन्सीची बाई, एजन्सी म्हणते ड्युटी दवाखान्याने लावली. ती भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मेले असते ना भाऊ, तरी तो कागद आणायला त्यांनी मलाच पाठवलं असतं."